पिंपरी, चाकण आणि मधली तार

औद्योगिक वसाहतींचा इतिहास लिहिताना आपल्याकडे जमीन, पाणी, वीज आणि कामगार या चार गोष्टींची नोंद हमखास होते. संपादन किती एकरांचे झाले, पवनेचे पाणी कुणाच्या वाट्याला किती आले, संप किती दिवस चालला, हे कुठे ना कुठे लिहिलेले सापडते. कारखाने एकमेकांशी आणि स्वतःशी बोलत कसे होते याची नोंद मात्र जवळजवळ नाही. पिंपरीच्या भांडारातला माणूस चाकणच्या जुळणी विभागाला ‘माल निघाला’ हे कोणत्या तारेने कळवीत असे, त्यासाठी किती आकडे फिरवीत असे, ते आकडे कुणी ठरवले होते आणि ते फिरवण्याची मुभा कुणाला नव्हती, हे प्रश्न इतिहासकाराला किरकोळ वाटतात. साहित्याच्या अभ्यासकाला तरी ते तसे वाटू नयेत. क्रमांकयोजना ही एक संकेतव्यवस्था आहे. तिला व्याकरण आहे, अपवाद आहेत, आणि कोणत्याही व्याकरणाप्रमाणे तिच्यातही कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरलेले आहे.

चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे आपण भाषाविज्ञानाच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला शिकवतो. टेलिफोनच्या आकड्यांचे सुरुवातीला तसे नव्हते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्राउजर या गृहस्थाला १८९१ मध्ये स्वयंचलित टेलिफोन केंद्राचे पेटंट मिळाले. केंद्रावरची ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयातून त्याला ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. या पद्धतीच्या केंद्रात आकडा म्हणजे प्रत्यक्ष हालचाल असे. कुणी २४७ फिरवले की दोनाच्या दोन ठोक्यांनी एक यांत्रिक हात दोन पायऱ्या चढे. चाराच्या ठोक्यांनी पुढचा हात चार पायऱ्या चढे आणि साताच्या ठोक्यांनी तोच हात सात घरे आडवा सरके. तिथे ज्याची तार असेल त्याची घंटा वाजे. २४७ हे त्या माणसाचे नाव नव्हते, त्याच्यापर्यंत जाणारी वाट होती. वाट बदलली की आकडा बदललाच.

पुढे क्रॉसबार आणि नंतर इलेक्ट्रॉनिक केंद्रे आली, तेव्हा हा संबंध तुटला. नवे केंद्र सगळे आकडे आधी ऐकून घेते, टिपून ठेवते, आपल्याजवळच्या कोष्टकात पाहते आणि मग कोणत्या तारेने जायचे ते ठरवते. नाव आणि वाट वेगळी झाली. कार्यालयांची अनेक केंद्रे एकमेकांना जोडून त्यांना एका क्रमांकयोजनेत बसवण्याची सारी विद्या या एका फारकतीवर उभी आहे. तंत्रज्ञ मंडळी हे इतके गृहीत धरतात की त्याबद्दल बोलतच नाहीत.

हिंदुस्थानात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे १८८२ च्या जानेवारीत सुरू झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, टेलिग्राफ कायदा आला आणि तार टाकण्याचा, चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे गेला. हे कलम ध्यानात ठेवावे. पुढच्या सव्वाशे वर्षांत पिंपरीच्या कारखानदाराने चाकणच्या आपल्याच कारखान्याशी बोलताना काय करावे आणि काय करू नये, हे त्या कलमातून ठरत गेले. स्वतःच्या आवारात हवी तितकी तार ओढा. फाटकाबाहेरचा रस्ता ओलांडायचा तर सरकारची परवानगी हवी किंवा सरकारचीच तार भाड्याने घ्यायला हवी.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. साठच्या दशकात आकुर्डीत बजाज ऑटो, पिंपरीत टेल्को आणि भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात लहानमोठे शेकडो कारखाने उभे राहिले. नगरपालिका १९७० मध्ये झाली आणि महापालिका १९८२ मध्ये. या काळातल्या मोठ्या कारखान्याचा टेलिफोन म्हणजे फाटकाजवळच्या किंवा प्रशासकीय इमारतीतल्या एका खोलीतला ‘बोर्ड’. सरकारी मराठीत त्याला काय म्हणावे याचा खल झाला असेल. कारखान्यात मात्र बोर्ड हाच शब्द चालला आणि तो चांगला होता. बोर्डावर एक किंवा दोन ऑपरेटर असत, बहुतेक स्त्रिया. ‘मॅडम, मुंबई लावून देता का?’ ‘साहेब, ट्रंक बुक केलाय, आला की देते.’ हा संवाद दिवसातून पन्नास वेळा होत असे. मराठीत फोन ‘लावतात’ आणि तो ‘लागतो’. दिवा लावावा, झाड लावावे, तसा फोन लावावा, आणि पाऊस लागावा तसा तो लागावा. लावणे आपल्या हातात आणि लागणे नशिबात, हे त्या काळाचे अचूक वर्णन या एका धातूने केले आहे.

ऑपरेटर बाई ही त्या कारखान्याची पहिली मार्गयोजना होती. कोणत्या साहेबाचा फोन आधी द्यायचा, कुणाला ‘मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायचे, कोणत्या खात्याचा माणूस जागेवर नसेल तर शेजारच्या कोणत्या टेबलावर सापडेल, हे तिला पाठ असे. पुढे यंत्राला कोष्टकांच्या रूपाने जे शिकवले गेले, ते पुष्कळसे तिच्या डोक्यातले होते. कारखान्याच्या इतिहासात तिचा उल्लेख सापडलाच तर निवृत्ती समारंभाच्या छायाचित्राखाली सापडतो.

१९८४ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी टेलिफोन उपकरणे आणि कार्यालयीन केंद्रे बनवण्याची मुभा खासगी उत्पादकांना मिळाली. त्याच वर्षी सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा हे नाव घरोघरी पोचले. सी-डॉटचे ग्रामीण केंद्र सर्वांना आठवते. त्याच तंत्रावर बनलेले १२८ जोडण्यांचे कार्यालयीन केंद्रही अनेक उत्पादकांनी परवाना घेऊन बाजारात आणले, हे फारसे कुणाला आठवत नाही. ईपीएबीएक्स हे अवघड अक्षरनाम भोसरीच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचले ते या लाटेत. आता प्रत्येक टेबलाला आपला आकडा आला आणि आकड्यांच्या वाटपाचा प्रश्न उभा राहिला.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. फिरवायला दहाच अंक. त्यातला शून्य बहुधा बाहेरच्या लाइनला जातो, नऊ बोर्डाला. एक अंक दुसऱ्या कारखान्यांकडे जाण्यासाठी राखून ठेवावा लागतो. तो आठ आहे असे समजू. एकाने सुरू होणारे आकडे आपत्कालीन आणि विशेष सेवांसाठी. उरले दोन ते सात, त्यांत सगळे टेबल बसवायचे. आणि एक नियम असा की कोणताही पूर्ण क्रमांक दुसऱ्या क्रमांकाची सुरुवात होता कामा नये. २५ हा कुणाचा क्रमांक असेल तर २५०१ हा क्रमांक कुणाला देता येत नाही. कारण २५ ऐकताच यंत्र घंटा वाजवणार किंवा फिरवणारा थांबला की नाही हे पाहत ताटकळणार. कारखाना लहान असताना दोन आकडी क्रमांक दिले आणि मग कारखाना वाढला, की सगळी यादी नव्याने करावी लागे. वाढीचा अंदाज न घेता बांधलेल्या वाड्यात पुढे जिन्याखाली खोल्या काढाव्यात, तशा या याद्या दिसतात. तीन आकडी, चार आकडी आणि मधूनच एक दोन आकडी क्रमांक, जो बहुधा कार्यकारी संचालकांचा असतो, कारण तो बदलण्याचे धाडस कुणी केलेले नसते.

इथवर एकच कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चाकण आले आणि चित्र बदलले. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. आकुर्डीतले वाहन उत्पादन पुढे २००७ मध्ये थांबले. मर्सिडीज-बेंझचे उत्पादन आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात होत असे, ते २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या जागेत गेले. फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. पिंपरीहून मोशीमार्गे चाकण वीसेक किलोमीटर. कामगारांच्या बसला ट्रॅफिक वगळता पाऊण तास. टेलिफोनच्या नकाशावर मात्र हे दोन वेगळे देश होते.

याचे कारण देशाच्या क्रमांकयोजनेत आहे. भारताची विभागणी ३२२ दीर्घ अंतराच्या आणि सव्वीसशेंहून अधिक लघु अंतराच्या आकारणी क्षेत्रांत केलेली आहे, आणि लघु क्षेत्र हे साधारणतः तालुक्याएवढे असते. पिंपरी-चिंचवड पुण्याच्या क्षेत्रात. त्याचा संकेतांक नव्वदच्या दशकात ०२१२ होता, पुढे ०२० झाला. चाकण खेड तालुक्यात, संकेतांक ०२१३५. तळेगाव मावळात, ०२११४. रांजणगाव शिरूर तालुक्यात, ०२१३८. म्हणजे पुण्याच्या वाहन उद्योगाचा जो सलग पट्टा आपण नकाशावर रंगवतो, तो टेलिफोनने इंग्रजी अमदानीतल्या तालुक्यांच्या सीमांवर चार तुकड्यांत कापला होता. तालुक्याची हद्द मोशीपलीकडे ओलांडली की शून्य फिरवावा लागे. मधल्या काही वर्षांत, २००० च्या दशकाच्या सुरुवातीस, राज्यांतर्गत जवळच्या फोनसाठी शून्याऐवजी ९५ फिरवण्याची पद्धत आली होती. त्या काळातल्या लेटरहेडांवर हा ९५ छापलेला आढळतो. काही वर्षांत ती पद्धत गेली, लेटरहेडे उरली.

२००३ च्या राष्ट्रीय क्रमांकयोजनेत एक गंमत आहे, आणि ती गणिताची असली तरी मला ती जवळजवळ समाजशास्त्रीय वाटते. आरंभीचा शून्य सोडला तर संकेतांक आणि ग्राहकाचा क्रमांक मिळून दहा आकडे व्हायला हवेत. पुण्याचा संकेतांक दोन आकड्यांचा, २०. म्हणून ग्राहकाला आठ आकडे मिळतात. चाकणचा चार आकड्यांचा, २१३५. म्हणून ग्राहकाला सहाच. शहराची ओळख आखूड आणि आतली जागा ऐसपैस; गावाची ओळख लांब आणि आतली जागा तोकडी. सहातला पहिला आकडा सेवा देणाऱ्या कंपनीची खूण म्हणून गेला की उरतात पाच, म्हणजे एक लाख क्रमांक. हजार टेबलांच्या एखाद्या कारखान्याने प्रत्येक टेबलाला बाहेरून थेट फिरवता येईल असा क्रमांक मागितला, तर त्या कंपनीच्या वाट्याचा शंभरावा भाग एकटा कारखाना घेऊन जाणार. गावाच्या मापाने शिवलेला अंगरखा वसाहतीला घालायचा, असा तो प्रकार होता.

आता कारखानदाराच्या बाजूने पाहू. मुख्यालय मुंबईत, जुना कारखाना पिंपरीत, नवा चाकणला, सुट्या भागांचे गोदाम तळेगावला. चारही ठिकाणी आपापली केंद्रे आहेत आणि त्यांना भाड्याच्या तारांनी जोडायचे आहे. क्रमांकांच्या दोन रीती संभवतात. पहिलीत प्रत्येक ठिकाणाला एक खूण दिली जाते: आठ फिरवा, मग चाकणसाठी तीन, मग तिथला क्रमांक. दुसरीत साऱ्या समूहाला एकच यादी: पिंपरीचे क्रमांक दोनाने सुरू, चाकणचे चाराने, तळेगावचे पाचाने, आणि कुणीही कुठूनही चारच आकडे फिरवायचे. पहिल्या रीतीत बोलणाऱ्याला समोरचा कुठे बसतो हे ठाऊक असावे लागते. दुसरीत ते विसरता येते. दुसरी रीत सोयीची, पण तिला एकमुखी सत्ता लागते; कुणीतरी एकाने सगळ्यांची यादी सांभाळायला हवी.

दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले की तर गोंधळच. दोन्हीकडे २००१ आहे आणि दोन्हीकडे तो महत्त्वाच्या माणसाचा आहे. मग कुणाचे तरी बदलायचे. तांदळात अंगठीने नवे नाव लिहून सुनेचे जुने नाव पुसावे, तसे धाकट्या कारखान्याचे क्रमांक पुसले जातात. कुणाचे बदलले यावरून विलीनीकरणात कोण कुणाच्या घरी आले ते कळते. वार्षिक अहवालात ‘समसमान भागीदारी’ असे काहीही छापलेले असो.

माणूस बदलीवर गेला तर क्रमांक बरोबर न्यावा की नाही, हाही असाच प्रश्न. चाकणचा अभियंता आपला ४२१७ घेऊन पिंपरीत बसला, तर यंत्राला त्याचे काही वाटत नाही. कोष्टकात एक ओळ बदलते. पण चार म्हणजे चाकण ही खूण मग खोटी होते. आपल्या आडनावांसारखेच हे. चाकणकर तीन पिढ्या दादरला राहतो, पण ‘कर’ सुटत नाही आणि त्यावरून त्याला शोधायला कुणी चाकणला जात नाही. वाट दाखवणारा आकडा हळूहळू नाव होतो.

मार्ग ठरवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पिंपरी-चाकण तारा भरल्या तर फोन तळेगावमार्गे न्यावा, हे ठीक. पण तळेगावलाही कुणी सांगून ठेवले असेल की चाकणची तार भरली तर पिंपरीमार्गे न्यावा, तर तो फोन दोघांमध्ये फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला एक तार अडकवतो. कोकणात याला चकवा म्हणतात. तंत्रज्ञांनी त्यावर उतारा शोधला तो असा की किती केंद्रांतून आलो याची गणती फोनच्या बरोबर पाठवायची आणि मर्यादा ओलांडली की त्याला तिथेच संपवायचे.

आणि तारा तरी किती घ्याव्यात? गर्दीच्या तासाला तीन-तीन मिनिटांचे दोनशे फोन होत असतील, तर एकूण बोलणे दहा तासांचे. सरळ हिशेबाने दहा तारा पुरायला हव्यात. पुरत नाहीत, कारण माणसे रांगेने बोलत नाहीत. कोपनहेगन येथील ए. के. एर्लांग या गणितज्ञाने १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राने पाहिले, तर शंभरातला एकच फोन परत यावा यासाठी अठरा लागतात. वरच्या आठ तारांचे भाडे म्हणजे माणसांच्या स्वैरपणाची किंमत.

कायद्याची गोष्ट आता सांगायला हवी, कारण इथे १८८५ चे कलम पुन्हा भेटते. चार केंद्रे भाड्याच्या तारांनी जोडल्यावर कुणाच्याही डोक्यात येणारा विचार असा: चाकणहून मुंबईतल्या एखाद्या पुरवठादाराला फोन करायचा तर तो आपल्याच तारेने मुंबईच्या मुख्यालयापर्यंत न्यावा आणि तिथून शहरात स्थानिक फोन म्हणून सोडावा. एसटीडीचे पैसे वाचले. जगात अनेक ठिकाणी ही साधी काटकसर होती. भारतात तो गुन्हा होता. खासगी जाळे हे बंद गटाचे, त्यातून सार्वजनिक जाळ्यात फोन सोडायचा नाही, असा दंडक. संगणकीय जाळ्यावरून, म्हणजे आयपीवरून, फोन नेण्याचे तंत्र आल्यावर हा दंडक अधिकच कडक वाटू लागला. भारतात इंटरनेट टेलिफोनीला एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली ती अनेक अटींनी बांधलेली, आणि देशातल्या सार्वजनिक जाळ्याशी तिची गाठ घालायची नाही ही त्यांतली प्रमुख.

याचा परिणाम असा झाला की परदेशी उत्पादकांना आपल्या कार्यालयीन केंद्रांत भारतासाठी म्हणून एक भिंत बांधावी लागली. ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ हे तिचे नाव. टेबलावर फोन एकच, पण यंत्राच्या पोटात दोन जग. आतल्या तारेने आलेला फोन बाहेरच्या तारेला जोडता येणार नाही. दोघांशी बोलणे चालू असताना तिसऱ्याला घेता येणार नाही, जर तो चुकीच्या बाजूचा असेल. चाकणच्या अभियंत्याचा फोन पिंपरीच्या सहकाऱ्याने घरच्या नंबरावर वळवून ठेवला असेल, तर तो तिथवर न जाता मध्येच मरायचा. ज्या ऑपरेटर बाईने पूर्वी ‘साहेब घरी आहेत, तिथे देते’ म्हणून सहज दोन दोऱ्या जोडल्या असत्या, तिच्या जागी बसलेल्या यंत्राला नाही म्हणायला शिकवले होते.

या दंडकामागे दोन कारणे दिली जात. एक, सरकारी आणि परवानाधारक कंपन्यांचे एसटीडीचे उत्पन्न बुडू नये. दोन, फोन ऐकण्याचा जो अधिकार १८८५ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला दिला होता, तो बजावता यावा. खासगी जाळ्यातून सुटलेल्या फोनचा मूळ पत्ता लागत नाही. पहिल्या कारणातला जोर दर कोसळल्यावर ओसरला. मला वाटते, खरे कारण दुसरेच होते आणि पहिले त्याचा सभ्य पोशाख. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनी देण्याची वाट मोकळी झाली. कॉल सेंटरसारख्या सेवांवरचे नियम २०२० च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२१ च्या जूनमध्ये बरेच सैल झाले, त्याचा लाभ हिंजवडीला अधिक झाला. १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याची काही कलमे २०२४ पासून लागू झाली. सरकारचा अधिकार मात्र त्यातही राहिला आहे.

पण क्रमांकयोजनेतली चूक पैशांवर बेतते तेव्हा ती चूक असते. जिवावर बेतते तेव्हा वेगळे नाव द्यावे लागते. टेक्ससमधील एका हॉटेलात डिसेंबर २०१३ मध्ये एका स्त्रीची हत्या झाली. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ हा आपत्कालीन क्रमांक पुनःपुन्हा फिरवत होती. फोन लागला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी नऊ फिरवायचे असते हे तिला ठाऊक नव्हते. मुलीचे काही चुकले नव्हते. शाळेत शिकवले तेच तिने केले. तिच्या आजोबांच्या प्रयत्नांतून २०१८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि २०२० च्या फेब्रुवारीनंतर बसवल्या जाणाऱ्या कार्यालयीन केंद्रांतून हा क्रमांक थेट लागणे बंधनकारक झाले.

चाकणच्या संदर्भात हाच प्रश्न वेगळ्या वळणाने येतो. खर्च वाचावा म्हणून अनेक ठिकाणच्या बाहेरच्या लाइनी एकाच ठिकाणी गोळा करण्याची पद्धत आहे. समजा, चाकणच्या कारखान्याच्या लाइनी पिंपरीत आहेत. रंगकाम विभागात आग लागली आणि कुणी शून्य फिरवून १०१ फिरवले, तर फोन पिंपरीतून बाहेर पडणार आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे जाणार. चाकण औद्योगिक वसाहतीचा बंब जवळ उभा असेल आणि त्याला काही कळणार नाही. फोन घेणारा पत्ता विचारील, मग पुढे कळवील. पण मधली मिनिटे गेली. म्हणून काही आकडे इतर सर्व नियमांतून वगळावे लागतात: १०१ कुठूनही फिरवला तरी त्याच आवारातल्या स्थानिक लाइनने बाहेर पडला पाहिजे, आणि शून्याने किंवा शून्याविना, दोन्ही प्रकारे लागला पाहिजे. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा सक्तीचा झाला. त्या आराखड्यात दूरध्वनी क्रमांकांची यादी असतेच. यादीतला क्रमांक कोणत्या तारेने जातो हे मात्र यादीत लिहिलेले नसते.

पोलिसांचे तर आणखी निराळे. चाकण पूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण त्यात आले. संकेतांक ०२१३५ तसाच राहिला. इथे जरा थांबून या परिसरावर किती क्रमांकयोजना पसरल्या आहेत ते पाहण्यासारखे आहे. टेलिफोनच्या नकाशात पिंपरी पुण्याची आणि चाकण परके. वाहननोंदणीच्या नकाशात पुणे एमएच-१२, आणि पिंपरी व चाकण दोन्ही एमएच-१४. टपालाच्या नकाशात पिंपरी ४११०१८, चाकण ४१०५०१. पिनकोडची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी होतेच, शिवाय संस्कृतचे नामवंत कवी होते. छंदःशास्त्रात लघु-गुरूंची मांडणी करणाऱ्या माणसाने देशाच्या पत्त्यांची मांडणी करावी, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कारखान्याच्या आत कुणाला काय फिरवता येते, याची श्रेणीही योजनेतच असते. काहींना फक्त आतले फोन, काहींना ‘झीरो’, काहींना एसटीडी, मोजक्यांना आयएसडी. ‘त्याला झीरो मिळाला’ म्हणजे त्याला बढती मिळाली, असे समजण्याचा एक काळ होता. यंत्रात हे कुलूप असे घातलेले असे: पहिल्या शून्याने बाहेरची लाइन, आणि त्यापुढे लगेच दुसरा शून्य आला तर तो एसटीडी, म्हणून अडवा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य फिरवणे सक्तीचे झाले. देशभरात अडीचशे कोटींच्या आसपास नवे क्रमांक मोकळे व्हावेत म्हणून हा बदल होता. ज्या बोर्डांत दुसऱ्या शून्याला कुलूप होते, तिथे एका दिवसात मोबाइललाही कुलूप लागण्याची वेळ आली आणि नियम नव्याने लिहावे लागले. तोवर ज्यांना कधी झीरो मिळाला नव्हता त्यांच्या खिशात मोबाइल येऊन बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे या बदलाचे दुःख फारसे कुणी केले नाही. कंत्राटी कामगाराला तर या यादीत कधीच आकडा नव्हता. त्याचा क्रमांक ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये.

या इतिहासाची साधने कोणती, असे विद्यार्थी विचारतात. सर्वांत चांगले साधन म्हणजे कारखान्यांच्या आतल्या टेलिफोन याद्या. दरवर्षी किंवा दोन वर्षांनी छापल्या जाणाऱ्या, टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या, नंतर स्पायरलमध्ये बांधलेल्या. कोणते खाते कधी जन्मले, कधी दुसऱ्यात विरले, ‘टाइम ऑफिस’चे ‘एचआर’ कधी झाले, मराठी आडनावांच्या शेजारी जर्मन आणि कोरियन नावे कोणत्या वर्षी आली, कामगार संघटनेच्या कार्यालयाला क्रमांक होता की नव्हता आणि असल्यास बाहेरची लाइन होती की नव्हती, हे सारे त्यांत आहे. नवी यादी आली की जुनी फाडून टाकावी अशी सूचना पुष्कळदा पहिल्याच पानावर असते. चिंचवड स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानांत अशा काही याद्या अधूनमधून मिळतात, किलोच्या भावाने. माझ्याजवळच्या एका यादीत कुणीतरी शाईने चाकणच्या सर्व क्रमांकांपुढे नवा अंक लिहून जुना खोडला आहे. शेवटच्या पानावर अग्निशमन दलाच्या पुढे मात्र जागा कोरी सोडली आहे.